लहरीला लगाम

जळगाव आकाशवाणीची मध्यम लहरींवरची जागा ९६३ किलोहर्ट्झ. पुण्याची ७९२, नागपूरची ५८५, सांगलीची १२५१, मुंबईच्या ५५८ आणि १०४४. यातला कोणताही आकडा ९ ने भागून पाहा, बाकी शून्य येते. जळगावचा भागाकार १०७, पुण्याचा ८८, मुंबईचे ६२ आणि ११६. १९७५ मध्ये जिनिव्हाला झालेल्या परिषदेत युरोप, आफ्रिका आणि आशियातल्या देशांनी मध्यम लहरींची ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने आखणी मान्य केली आणि नोव्हेंबर १९७८ पासून ती अमलात आली. आखणी कागदावर करता येते, पण हवेत ती पाळायची तर प्रत्येक प्रक्षेपकाला आणि प्रत्येक रेडिओला नेमक्या त्याच आकड्यावर उभे राहता आले पाहिजे, आणि उन्हाळा-हिवाळा तिथेच टिकताही आले पाहिजे. हे काम आज जवळजवळ प्रत्येक बिनतारी उपकरणात एकच मंडल करते. त्याचे नाव फेज-लॉक्ड लूप, थोडक्यात पीएलएल. या मंडलाने वारंवारता हा फक्त टाकायचा आकडा करून टाकला. आकडा टाकणे इतके स्वस्त आणि सोपे झाले, म्हणूनच तो कोणी, कुठे आणि किती ताकदीने टाकावा याची शिस्त आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेची आहे. हे पटायचे असेल तर आधी ते मंडल काय करते ते नीट समजून घ्यायला हवे.

रेडिओ लहर निर्माण करणारा भाग म्हणजे दोलक. तारेचे वेटोळे आणि कपॅसिटर यांची जोडी घेतली, त्यांना ट्रान्झिस्टरची साथ दिली, की दोलक तयार. तो स्वस्त असतो, हवा तसा वरखाली फिरवता येतो, पण स्वभावाने अस्थिर असतो. तापमान वाढले की तार प्रसरण पावते, कपॅसिटरची धारकता बदलते आणि वारंवारता सरकते. अशा साध्या दोलकाची वारंवारता एका अंशाला दशलक्षात १०० भागांनी सरकते असे धरू. १५० मेगाहर्ट्झवर हे सरकणे अंशामागे १५ किलोहर्ट्झ होते, आणि वॉकीटॉकीच्या दोन चॅनेलांमधले अंतर बऱ्याचदा साडेबारा किलोहर्ट्झच असते. म्हणजे एका अंशाच्या फरकाने सेट शेजारच्या चॅनेलच्याही पुढे जाईल. खानदेशात तर प्रश्न एका अंशाचा नाही. जानेवारीत धुळ्याचा पारा ८ अंशांच्या खाली उतरतो आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा ४५ च्या वर जातो. या ३७ अंशांच्या फरकात तोच दोलक ५५५ किलोहर्ट्झ, म्हणजे चव्वेचाळीस चॅनेल ओलांडेल. धुळ्याच्या थंडीत जुळवलेला सेट भुसावळच्या उन्हात ओळखूही येणार नाही.

यावरचा जुना उपाय होता क्वार्ट्झचा स्फटिक, म्हणजेच क्रिस्टल. क्वार्ट्झची ठरावीक कोनात कापलेली चकती विजेच्या दाबाखाली स्वतःच्या जाडीनुसार ठरलेल्या वारंवारतेने थरथरते, आणि उष्णतेने तिच्यात पडणारा फरक दशलक्षात थोड्याच भागांचा असतो. पण एक क्रिस्टल म्हणजे एक वारंवारता. जुन्या वायरलेस सेटमध्ये प्रत्येक चॅनेलसाठी साधारण दोन क्रिस्टल लागत, एक बोलण्यासाठी आणि एक ऐकण्यासाठी. नवे चॅनेल हवे असेल तर त्या वारंवारतेचे क्रिस्टल घासून घ्यायचे, मागवायचे, बसवायचे आणि सेट पुन्हा जुळवायचा. अमेरिकेत सिटिझन्स बँडची २३ चॅनेल होती, तेव्हा उत्पादक डझनभर क्रिस्टलांच्या वारंवारतांच्या बेरजा-वजाबाक्या करून भागवत असत. १९७७ च्या सुरुवातीला तिथे ४० चॅनेल झाली, त्याच सुमारास क्रिस्टलांच्या या रांगांची जागा पीएलएलच्या चिपने घेतली. कल्पना मात्र त्याआधीची होती. आंरी द बेलसीझ या फ्रेंच अभियंत्याने १९३२ मध्ये दोलकाला येणाऱ्या लहरीशी बांधून ठेवण्याची रीत मांडली होती. पुढे दूरचित्रवाणी संचात चित्राच्या ओळी जागेवर धरण्यासाठी ती वापरली गेली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सगळे मंडल एका चिपमध्ये मावू लागले आणि मग ती घराघरांत शिरली.

कल्पना समजायला तबलावादनाची मैफल पुरेशी आहे. लेहरा वाजवणारा एकच आवर्तन संथपणे, न चुकता फिरवत राहतो. तबलजी त्या आवर्तनात कितीतरी बोल वाजवतो, आणि त्याची परीक्षा समेवर होते. समेच्या आधी पोचला तर त्याला हात आवरावा लागतो, मागे राहिला तर लय वाढवावी लागते. लेहरा तोच ठेवून एका आवर्तनातल्या बोलांची संख्या बदलली की तबल्याचा वेग बदलतो, आणि तरीही तो लेहऱ्याला बांधलेलाच राहतो. पीएलएलमध्ये क्रिस्टल हा लेहरा आहे आणि साधा, सरकणारा दोलक हा तबला. दोलकाच्या प्रत्येक ठरावीक संख्येच्या लहरी मोजून एक खूण देणारा मोजणारा भाग मध्ये असतो. त्याला भाजक म्हणू. ही खूण आणि क्रिस्टलपासून मिळालेली खूण एकाच क्षणी पडतात का, हे फेज तपासणारा भाग पाहतो. फरक दिसला की तो व्होल्टेजच्या रूपात गाळणीतून दोलकाकडे परत जातो. दोलकात व्होल्टेजनुसार धारकता बदलणारा डायोड बसवलेला असतो, त्यामुळे वारंवारता लगेच वरखाली होते. दोन्ही खुणा जुळल्या की लूप लॉक झाली. जुळणी झाल्यावरही तपासणी थांबत नाही. उन्हाने दोलक सरकू लागला की पुढच्याच खुणेला चूक पकडली जाते आणि दुरुस्त होते.

आता जळगावचे ९६३ पुन्हा घेऊ. डिजिटल आकडा दाखवणाऱ्या रेडिओत आतला दोलक ऐकायच्या वारंवारतेपेक्षा ठरावीक अंतर वर चालतो. पारंपरिक रेडिओत हे अंतर बहुधा ४५५ किलोहर्ट्झ असे, पीएलएलच्या अनेक रेडिओत ते ४५० ठेवले गेले. कारण ४५० ला ९ ने भाग जातो, ४५५ ला जात नाही. ९६३ मध्ये ४५० मिळवले की १४१३, आणि १४१३ म्हणजे १५७ गुणिले ९. क्रिस्टलपासून ९ किलोहर्ट्झची खूण घ्यायची, भाजकाला १५७ सांगायचे, की जळगाव लागले. एफएमवर धुळे आकाशवाणी १००.५ मेगाहर्ट्झवर आहे. तिथे अंतर १०.७ मेगाहर्ट्झचे असते, म्हणून दोलक १११.२ वर हवा, म्हणजे १०० किलोहर्ट्झच्या १११२ पायऱ्या. काट्याच्या रेडिओत केंद्र शोधायला बोटांचे कौशल्य लागायचे. आता एका पूर्णांकाने काम होते आणि तो पूर्णांक स्मृतीत साठवताही येतो.

बोलणे आणि ऐकणे दोन्ही करणाऱ्या सेटमध्ये म्हणजे ट्रान्सीव्हरमध्ये हेच तंत्र अधिक कसाला लागते. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी शक्तीचे वॉकीटॉकी २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतात. त्यातले एक चॅनेल ४४६.००६२५ मेगाहर्ट्झवर पडते. सेटमध्ये १२.८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे असे धरा. त्याला २०४८ ने भागले की ६.२५ किलोहर्ट्झची खूण मिळते, आणि भाजकाला ७१,३६१ हा आकडा दिला की दोलक नेमका त्या चॅनेलवर येतो. ऐकताना मात्र दोलकाला खाली यावे लागते. मधले अंतर २१.४ मेगाहर्ट्झचे असेल तर आकडा ६७,९३७ होतो. बोलण्याचे बटण दाबले की भाजकातला आकडा बदलतो, लूप क्षणभर सुटते आणि नव्या जागी पुन्हा लॉक होते. चांगल्या सेटमध्ये लॉक झाल्याची खात्री होईपर्यंत प्रक्षेपण रोखून धरलेले असते, नाहीतर तेवढ्या वेळात सेट मधल्या सगळ्या चॅनेलांवरून आवाज ओढत नेईल. लॉक होण्याचा वेळ, समोरच्या सेटचा ध्वनिमार्ग उघडण्याचा वेळ, असे सगळे मिळून सुरुवातीचा शब्द तुटतो. म्हणूनच बटण दाबून थोडे थांबावे आणि मग बोलावे, असे शिकवतात.

इतका मोठा आकडा फुकट मिळत नाही. खुणा ६.२५ किलोहर्ट्झने येतात, म्हणजे दोन तपासण्यांमध्ये १६० मायक्रोसेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात दोलक मोकळा असतो. तपासणीचे ठोके स्वतःच दोलकाला हलवू नयेत म्हणून गाळणी संथ ठेवावी लागते, आणि गाळणी संथ म्हणजे लॉक व्हायला उशीर. शिवाय क्रिस्टलच्या खुणेतली बारीक अस्थिरताही ७१,३६१ पटींनी मोठी होऊन बाहेर येते. डेसिबलमध्ये ही वाढ सुमारे ९७ आहे. पायऱ्या बारीक हव्या असतील तर वेग आणि स्वच्छता गमवावी लागते, हा या मंडलाचा मूळ पेच. त्यावरचा उपाय असा, की खूण मोठीच, १२.८ मेगाहर्ट्झची ठेवायची. तसे केले तर भाजक ३४.८४४ च्या आसपास यायला हवा, पण अपूर्णांकाने मोजता येत नाही. म्हणून भाजक २०४८ फेऱ्यांपैकी १७२९ वेळा ३५ ने आणि ३१९ वेळा ३४ ने भागतो. सरासरी बरोबर येते आणि तपासणी दर ७८ नॅनोसेकंदांनी होते. ३४ आणि ३५ ची अदलाबदल एकाच साच्यात झाली तर तिचीच शिट्टी लहरीत उमटते, म्हणून हा क्रम हिशेबाने विस्कटून आवाज गाळणीला सहज अडवता येईल अशा जागी ढकलला जातो. मोबाइलपासून वायफायपर्यंत हीच रीत आज सर्रास वापरली जाते.

इथे एक शंका रास्त आहे. लूप दोलकाची चूक काढून टाकते खरी, पण क्रिस्टलची चूक कोण काढणार? उत्तर स्पष्ट आहे : लूप क्रिस्टलची चूक जशीच्या तशी पुढे नेते. क्रिस्टल दशलक्षात अडीच भाग चुकला तर १५० मेगाहर्ट्झवर सेट ३७५ हर्ट्झ चुकेल. पण मघाच्या ५५५ किलोहर्ट्झच्या तुलनेत ही चूक चॅनेलच्या आत सहज मावते. शंभर चॅनेलांसाठी शंभर चांगले भाग करण्याऐवजी एकच भाग चांगला करायचा, त्याला तापमानाची भरपाई द्यायची आणि बाकी सगळे त्याला बांधायचे, हे या रचनेचे खरे शहाणपण आहे. ते किती लांब नेता येते हे आपल्याच राज्यात दिसते. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी दुर्बीण म्हणजे सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्या मिळून एकच दुर्बीण व्हावी यासाठी प्रत्येक तबकडीचा दोलक मध्यवर्ती प्रमाण घड्याळाशी जोडलेला असतो, आणि ती खूण प्रकाशतंतूंमधून तबकडीपर्यंत पोचवली जाते. लूपची तत्त्वे तीच, फक्त लेहरा अणुघड्याळाच्या तोडीचा.

दुसरी शंका तंत्र जाणणारे घेतील. आता लहरीचा आकार थेट आकडेमोडीतून घडवता येतो, मग पीएलएल जुनी झाली नाही का? आकडेमोडीने लहर घडवणाऱ्या चिपला स्वतःला अतिशय वेगवान ठोका लागतो, आणि तो ठोका बहुधा कमी वारंवारतेच्या क्रिस्टलपासून पीएलएलच वाढवून देते. संगणकाच्या प्रोसेसरचा ठोकाही असाच तयार होतो. तिसरी शंका सामान्य वाचकाची : मोबाइल हातात असताना वॉकीटॉकीची चर्चा कशाला? मोबाइल टॉवरशी बोलतो तोही याच लूपच्या जोरावर, टॉवरच्या लहरीवरून स्वतःच्या क्रिस्टलची चूक दुरुस्त करत. आणि जिथे एकाचे बोलणे एकाच वेळी सगळ्यांनी ऐकायचे असते, किंवा जिथे टॉवर पोचत नाही, तिथे सेटला पर्याय नाही. भुसावळच्या यार्डातून सुटणाऱ्या मालगाडीचा चालक आणि मागच्या डब्यातला ट्रेन मॅनेजर वॉकीटॉकीवर बोलतात. शिरपूरच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिक उडतात, जळगावला विमानतळ आहे, आणि विमानांचे बोलणे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते.

आणि हाच माझ्या मुद्द्याचा गाभा. क्रिस्टलच्या काळात चुकीच्या वारंवारतेवर जाणे अवघड होते, कारण त्यासाठी क्रिस्टल मुद्दाम घडवून घ्यावा लागे. वस्तूच पहारा देत होती. आज ऑनलाइन बाजारात थोड्या पैशांत मिळणारा सेट कळफलकावर आकडे दाबताच पोलिसांच्या, रेल्वेच्या किंवा हौशी रेडिओ वापरणाऱ्यांच्या वारंवारतेवर जातो. केळीच्या बागेत मजुरांशी बोलायला, लग्नाच्या मांडवात किंवा मिरवणुकीत बंदोबस्त सांभाळायला असे सेट घेणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण भाजकातला आकडा कोणाचा, हे सेटला कळत नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वारंवारता, परवाना आणि मान्यतेची माहिती न देता वॉकीटॉकी विकणाऱ्या ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि त्यानंतर अशा विक्रीबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. याला नोकरशाहीचा अडथळा म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की वस्तूचा पहारा गेल्यावर नियमाचा पहारा लागतोच.

पाच वॅटच्या हातातल्या सेटने काय बिघडणार, असेही म्हटले जाते. एफएम लहर ऐकणाऱ्या सेटचा गुण असा, की एकाच चॅनेलवर दोन लहरी आल्या तर तो जास्त जोराची धरतो आणि दुसरी दाबून टाकतो. यार्डाच्या कुंपणाशी असलेला पाच वॅटचा सेट दूरच्या मोठ्या केंद्रापेक्षा जोरात पोचतो. ज्याचा आवाज दाबला गेला त्याला ते कळतही नाही. दुसरे असे, की पडद्यावर आकडा अचूक दिसला म्हणजे लहर स्वच्छ आहे असे नाही. लूप मूळ वारंवारता नेमकी धरते, पण पुढच्या शक्तिवर्धकातून दुप्पट-तिप्पट वारंवारतेचे अवशेष निघतात आणि ते गाळायचा खर्च स्वस्त सेटमध्ये अनेकदा वाचवलेला असतो. १४५ मेगाहर्ट्झवर बोलणारा असा सेट २९० आणि ४३५ वरही कुजबुजतो. उपकरणाला सरकारी मान्यता लागते ती हेच तपासण्यासाठी. मग कारखान्यातच सॉफ्टवेअरचे कुलूप घालावे, हा सल्ला योग्य आहे आणि तसे कुलूप हवेच. पण तेच हार्डवेअर परवानाधारकाला वेगळ्या पट्ट्यात लागते, म्हणून कुलपाची किल्ली कुठेतरी असणारच आणि ती हातोहात फिरणारच. जाणकार वापरणारा हा शेवटचा आणि सगळ्यात भरवशाचा बंदोबस्त आहे.

असा जाणकार घडवायला खर्च फार नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या महाविद्यालयांना कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने एकत्र बांधले आहे. तिथल्या भौतिकशास्त्राच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळांत, तंत्रनिकेतनांत आणि आयटीआयमध्ये ४०४६ ही साधी पीएलएल चिप आणि भागणारी आणखी एक चिप घेऊन हा प्रयोग एका टेबलावर मांडता येतो. एक किलोहर्ट्झची खूण द्यायची, भाजकाचा आकडा दहावरून वीस करायचा आणि ऑसिलोस्कोपवर लहर दुप्पट वेगाने जाऊन स्थिर होताना पाहायची. यात हवेत काहीच सोडले जात नाही, म्हणून परवानाही लागत नाही. ज्यांना पुढे खरोखर हवेत बोलायचे आहे त्यांच्यासाठी हौशी रेडिओची सरकारी परीक्षा बाराव्या वर्षापासून खुली आहे आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यांची वाट पाहतो आहे. ज्याने लूप लॉक होताना स्वतः पाहिली आहे, त्याला नियम रटवावे लागणार नाहीत. आपण दाबलेल्या आकड्यावर दुसऱ्या कोणाचे काम चाललेले असू शकते, हे तो बटण दाबण्याआधीच तपासेल.